गुग्गुळाचं वाण

माझ्या हातची तुळससुद्धा जगत नाही, हे आमच्या घरातलं उघड गुपित होतं. लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हापासून अंगणातल्या वृंदावनात मी तुळशी लावत आले आणि काढत आले. कुणाची पानं काळी पडायची, कुणी जागच्या जागी खराट्यासारखी वाळून जायची. तुळशीच्या लग्नाला ऐन वेळी वरच्या मजल्यावरून जाऊबाईंची तुळस कुंडीसकट खाली आणावी लागे. आमच्याकडे नवरी दरवर्षी उसनी. कुंडी हातात देताना जाऊबाई जास्त काही बोलायच्या नाहीत, फक्त "सांभाळून हं" एवढंच म्हणायच्या. त्या एका शब्दात माझी सगळी कारकीर्द यायची.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या पत्नी. घर एकच, त्या वर राहतात, आम्ही खाली. त्यांच्या गच्चीवर मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा, सगळं गुण्यागोविंदानं नांदतं. त्यांनी पूजेची वाळकी काडी मातीत खोचली तरी तिला कोंब फुटेल. आणि मी? आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. झाड अन्न कसं तयार करतं ते रंगीत खडूंनी फळ्यावर काढून दाखवलं. पण माझ्या अंगणातल्या एकाही झाडानं ते मनावर घेतलं नाही. "हिच्या हाताला गुण नाही," असं लोक म्हणायचे, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. भाजी बिघडली तर माणूस दुसरी करतो. हातालाच गुण नाही म्हटल्यावर तो हात कुठे नेऊन टाकायचा?

त्यामुळे अंगणातल्या त्या गुग्गुळाची गोष्ट मला नीट सांगितलीच पाहिजे. ते माझ्या हातचं जगलेलं एकमेव झाड.

शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या मुलीच्या लग्नाला आम्ही मुरैनाला गेलो होतो. वरात रिवाजाप्रमाणे उशिरा येत होती, म्हणून मी धर्मशाळेच्या मागे पाय मोकळे करायला निघाले. तिथून चंबळेच्या घळी सुरू होतात. एका घळीच्या काठावर एक वेडंवाकडं, काटेरी, पुरुषभर उंचीचं झुडूप उभं होतं. अंगावर एकही पान नाही, आणि साल अशी सुटलेली, की जुन्या वहीचं पातळ कव्हर उलगडत जावं. मुलीचे काका मागोमाग आले होते. ते म्हणाले, "ये गुग्गुल है, बहनजी. पहले बहुत था इधर. गोंद के चक्कर में लोगों ने चीर-चीर के खतम कर दिया. चीरा लगा, कि पेड़ गया."

देवापुढे जळतो तो गुग्गुळ मी आयुष्यभर पाहिला होता. पण तो अशा काटेरी गरिबाच्या अंगातून येतो, हे विज्ञानाच्या बाईला ठाऊक नव्हतं. मी एक फांदी मागून घेतली, ओटीत मिळालेल्या खणात गुंडाळली आणि पर्समध्ये घातली. उज्जैन येईपर्यंत चष्मा काढायला हात घातला की काटा, तिकीट काढायला हात घातला की काटा.

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि हे झुडूप खडकाळ जागेचं. म्हणून न्हाणीघर दुरुस्त केलं तेव्हा उरलेला राडारोडा जिथे पडला होता, त्या कोपऱ्यात मी ती फांदी खोचली. लगेच मुलीच्या बाळंतपणासाठी मला पुण्याला जावं लागलं. "रोज पाणी घाला," असं ह्यांना बजावून गेले. हे म्हणजे आमचे यजमान. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ह्यांना सकाळी पोहे आणि संध्याकाळी धूप एवढ्या दोनच गोष्टी वेळेवर लागतात. पाणी घालायचं हे साफ विसरले. पावसाळा उलटताना मी परत आले, तर त्या काडीला बारीक, चमकदार, तीन-तीन दळांची पानं आलेली! मी अंगणात उभी राहून ओरडलेच.

"म्हणजे तू नसलीस की जगतात झाडं," हे म्हणाले.

त्या दिवशी ह्यांना पोह्यांवर शेव मिळाली नाही.

झुडूप वाढलं, पण सरकारी कामाच्या गतीनं. काही वर्षांत कसंबसं माझ्या खांद्याला लागलं. पावसाळ्यात पानं यायची, दिवाळीच्या आसपास गळायची, आणि पुढचे सात-आठ महिने ते मेल्याचं सोंग घेऊन उभं राहायचं. येणारा-जाणारा विचारायचा, "हे सुकलेलं काढत का नाही?" मी प्रत्येकाला थांबवून सांगायची, "मेलेलं नाही. पावसाळ्यात पानं येतात." शिकवायची सवय सुटत नाही. कुरिअरवाल्यालासुद्धा मी हे सांगितलं आहे.

मग एका आषाढात मला सुचलं, की याच्या फांद्या लावून पाहाव्यात. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रेती आणि खडी भरली आणि वीस-बावीस फांद्या खोचल्या. जवळपास सगळ्या लागल्या! भाद्रपदात भिंतीशी रांगेनं हिरव्यागार पिशव्या उभ्या होत्या. जाऊबाई खाली आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, सब के सब लागल्या की!" हिंदी शब्द त्यांच्या तोंडी येतो तो फक्त थक्क झाल्यावर. त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही, हे मी खरंच सांगते.

तिथेच माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "यंदा संक्रांतीला मी हेच वाण लुटणार."

आमच्या उज्जैनच्या मराठी बायकांत संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवांची नुसती झुंबड असते. वाण म्हणजे स्टीलची वाटी, प्लास्टिकचा डबा, चहाची गाळणी. माझ्याकडे इतक्या गाळण्या साठल्यात, की शिप्रा गाळून निघेल. त्यात दुर्मीळ झुडपाचं रोप वाण म्हणून द्यायचं, तेही माझ्या हातचं! मी जुन्या हिरव्या साडीचा जरीचा काठ कापून प्रत्येक रोपाला एक-एक पट्टी बांधूनसुद्धा ठेवली.

एवढं सगळं ठरवताना एक साधी गोष्ट मला सुचली नाही. मी ठरवलं भाद्रपदात, आणि संक्रांत येते पौषात.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागली. मार्गशीर्षात रांगेतल्या निम्म्या पिशव्या मोकळ्या झाल्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर वीस-बावीस काटेरी काटक्या उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात जरीचा काठ. हे चहाचा कप घेऊन बाहेर आले, बघितलं आणि फार जपून म्हणाले, "वाट्या आणू का? दुकानं अजून उघडी आहेत."

"काही नको," मी म्हटलं. माझा स्वभाव ह्यांना माहीत आहे. हे चहा घेऊन आत गेले.

तो हळदीकुंकवाचा कार्यक्रम आमच्या गल्लीत अजून आठवला जातो. हळद, कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, सगळं रीतीनं झालं. मग मी पहिल्या बाईच्या हातात काटकी ठेवली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली. दुसरीनं विचारलं, "काकू, ह्याला टमाटर येतील का?" तिसरीच्या साडीत काटा अडकला, आणि तो काढायला चौघी धावल्या. कोपऱ्यातून कुणीतरी कुजबुजलं, "सौभाग्याचं वाण, और सूखी लकडी?" मी ते ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं.

तेव्हा मी खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि तास घेतला. हा गुग्गुळ आहे. आपण देवापुढे जाळतो तोच. जंगलातून संपत चाललाय, कारण चिकासाठी लोक याला चिरतात आणि चीर पडली की हा जातो. याची नुसती मादी झाडंच सापडतात, नर क्वचित, आणि तरीही या बायका आपलं आपण बी धरतात.

"बरंय बाई त्यांचं," मागून एक आवाज आला आणि खोली हसण्यानं दणाणली.

"पाणी थोडं घाला," मी आवाज चढवला. "आणि लोक म्हणतील मेलंय. ऐकू नका. मेलेलं नाही. पावसाळ्यात पानं येतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तीस वर्षं मी वर्गात त्या माना पाहिल्या आहेत, त्यांचा अर्थ मला कळतो. पण वाण नाकारता येत नाही. सगळ्या जणी साडी सावरत काटक्या घेऊन गेल्या. एक जाऊबाईही वर घेऊन गेल्या.

मी मात्र निश्चिंत होते. त्यांच्या रोपांचं काय व्हायचं ते होवो, माझं झाड माझ्या अंगणात होतं.

महाशिवरात्रीला उज्जैनमध्ये काय गर्दी असते ते उज्जैनवाल्यांनाच ठाऊक. आम्ही त्या दिवशी घरातच पूजा करतो. संध्याकाळी ह्यांनी गोवरीच्या निखाऱ्यावर धूप टाकला आणि घरभर असा वास पसरला, की मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले. गोडसर, थोडा कडवट, जुन्या देवळात येतो तसा. बाजारातला गुग्गुळ नुसता धूर करतो, त्यात काय-काय मिसळलेलं असतं देव जाणे. ह्यांची ती कायमची तक्रार.

"आज धूप फार छान आहे हो," मी म्हटलं. "कुठून आणलात?"

हे नुसते हसले. इतके समाधानानं हसले, की मी प्रसादाचा शिरा दुसऱ्यांदा वाढला.

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. माझ्या झाडाच्या धुराचं मी कौतुक केलं, आणि वर शिराही वाढला.

चैत्रात त्या कोपऱ्यातला पाचोळा झाडताना मला खोडावरच्या चिरा दिसल्या. एकाखाली एक, व्यवस्थित, बँकेच्या माणसानं पट्टी लावून मारल्यासारख्या. कडेला वाळलेल्या चिकाचे पिवळट थेंब. खाली, विटेच्या आड, माझी भाजीची सुरी. दोन महिने मी ती हरवली म्हणून कामवालीच्या मागे लागले होते.

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता. त्यातला माणूस म्हणाला होता, की थोडा चीक काढला तर झाडाला काही होत नाही. घरचा शुद्ध गुग्गुळ महादेवाला वाहावा एवढाच ह्यांचा हेतू होता. तुरीच्या डाळीएवढे चार खडे मिळाले होते. ते आम्ही दोघांनी हुंगून संपवले.

"पूर्ण खोलीला मी सांगत होते, चीर पडली की झाड जातं. तुम्ही कुठे होता?"

"मी आत वाट्या मोजत होतो," हे म्हणाले. म्हणजे माझ्या हट्टावर भरवसा नसल्यानं ह्यांनी गुपचूप वाट्या आणून ठेवल्या होत्या. मग हे फार सावकाश म्हणाले, "आणि तसं काही झालेलं नाही गं. मेलेलं नाही. पावसाळ्यात पानं येतील."

माझंच वाक्य. माझ्याच तोंडावर. मी धुपाटणं उचलून माळ्यावर टाकलं आणि पंधरा दिवस ह्यांच्याशी भाजी-आमटीपुरतं बोलले.

पण आत कुठेतरी मीही त्या वाक्याला धरून बसले. दुसरं होतं काय? वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. आषाढात पाऊस लागला. जाऊबाईंच्या गच्चीवरून जाईचे वेल खाली लोंबायला लागले. शेजारच्या नाल्याच्या भिंतीत पिंपळ उगवला. रोज सकाळी मी जाऊन बघायची आणि माझ्या मागे, चार पावलं सोडून, हे उभे असायचे. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो, दोघंही काटक्यांकडे बघायचो. श्रावणात एकदा धीर करून मी एक फांदी वाकवली. ती कट्कन तुटली. आत कोरडी, तपकिरी, हलकी. दुसरी तोडली, तीही तशीच. मी तिथेच विटेवर बसले आणि रडले. साठी उलटलेली बाई झुडपासाठी भर पावसात रडते आहे आणि नवरा तिच्यावर छत्री धरून उभा आहे, हे वरून जाऊबाईंनी पाहिलं असणार. मला त्याची पर्वा नव्हती. माझ्या हातचं एकच झाड होतं.

ह्यांनी पश्चात्तापानं एका नर्सरीतून 'गुग्गुळ' आणून लावला. तो तरारला. त्याला पांढरी फुलं आली, मग हिरवी फळं आली. ते करवंद होतं. आम्ही त्याचं लोणचं घातलं.

मला वाण आठवलं ते मात्र त्याच श्रावणात. वीस-बावीस फांद्या गावभर गेल्या होत्या! त्यांतली एक, फक्त एक, जिवंत असली तरी पुरे होती. तिची फांदी मागून आणायची आणि पुन्हा लावायची. मी छत्री घेतली आणि घरोघर निघाले.

पहिल्या घरी बाई लाजल्या. "काकू, खरं सांगू? मी ते पुढे देऊन दिलं. माझ्याकडे हळदीकुंकू होतं ना, एक वाण कमी पडलं." दुसरीकडेही तेच. तिसरीकडेही तेच. गाळण्या फिरतात तशा माझ्या काटक्या गावात फिरायला लागल्या होत्या.

चौथ्या घरच्या बाई धार्मिक होत्या. त्यांनी कानांना हात लावला. "फेकलं नाही हं! सौभाग्याचं वाण कोणी फेकतं का? सूख गया था, म्हणून राम घाटावर नेलं, पंडितजींना विचारलं, आणि विधीनं विसर्जन केलं. हळदकुंकू वाहून." म्हणजे माझा गुग्गुळ शिप्रेतून स्वर्गाला गेला होता. पाचवीनं तो होळीत घातला होता. "पण काय खुशबू आली हो काकू!" ती कौतुकानं म्हणाली. "सगळी गल्ली विचारत होती, क्या डाला, क्या डाला." मला तो वास माहीत होता. मी चहा न घेता उठले.

शेवटी मी वर गेले. जाऊबाईंच्या गच्चीवर. ह्या गावात एक रोप जगलं असेल तर ते इथेच, असं मला मनातून पहिल्यापासून वाटत होतं, आणि म्हणूनच मी तिथे सगळ्यात शेवटी गेले. त्यांच्याकडे मागायचं म्हणजे काय, ते मी वर सांगितलंच आहे.

जाऊबाईंनी मला पाहिलं आणि त्या मोगऱ्याच्या कुंडीपुढे उभ्या राहिल्या. काहीतरी झाकायला उभं राहतात तशा. मी बाजूनं डोकावले. मागे एका सुंदर रंगवलेल्या कुंडीत माझी काटकी होती. बुंध्याशी काळी, मऊ, कुजलेली.

"रोज दोन वेळा पाणी घातलं गं," त्या म्हणाल्या. "खतपण घातलं. शेणखत, मोहरीची पेंड, सब कुछ. जितकं केलं तितकी ती काळी पडत गेली." त्यांचा चेहरा पडला होता. "माझ्या हातचं असं कधी गेलं नव्हतं."

मी त्यांना सांगितलं होतं, पाणी थोडं घाला. पण ते मी बोलले नाही. खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला होता, की तो लपवायला मी त्यांच्याच स्वयंपाकघरात जाऊन दोघींसाठी चहा केला, आलं घालून. चहा पिता-पिता आनंद ओसरला आणि त्यांच्याबद्दल वाईट वाटायला लागलं. मग स्वतःबद्दल. आता सगळं संपलं होतं. एकही उरलं नव्हतं.

"चल, पुन्हा मुरैनाला जाऊ," त्या म्हणाल्या. पण त्या सहकारी बाईंची मुलगी परदेशात, तिचे काका वारलेले, आणि सिंहस्थाच्या तयारीनं उज्जैनमधून बाहेर पडायचा प्रत्येक रस्ता खणलेला. जाणं राहिलं ते राहिलंच.

पुढच्या संक्रांतीला मी वाट्या वाटल्या. ह्यांनी आधीच्या वर्षी आणलेल्याच. सगळ्या जणींनी इतक्या मोकळ्या मनानं त्या घेतल्या, की मला अपमान वाटला.

रथसप्तमीच्या आधी एक बोलावणं आलं. बँकेतल्या बदलीमुळे वर्ध्याचं एक नवं जोडपं देवास गेटजवळ राहायला आलं होतं. बायको नवखी, तिला इथलं कुणी माहीत नाही. मराठी मंडळातल्या बायकांनी तिला नावं सुचवली, त्यांत आम्ही दोघी जावा होतो. आम्ही ई-रिक्षानं गेलो. मुलगी गोड होती, साडी नेसायची सवय नसलेली, सारखी निऱ्या धरून चालणारी. तिनं आमची पूजा केल्यासारखं हळदीकुंकू केलं. बाकीच्यांना डबे दिले आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "काकू, इथे सगळ्यांत मोठ्या तुम्ही दिसता. तुमच्यासाठी वेगळं वाण ठेवलंय मी."

मोठ्या जाऊबाई होत्या. पण त्या केस रंगवतात.

ती आतून एक रंगाचा जुना डबा घेऊन आली. डब्यात रेती, रेतीत एक काटेरी काटकी. काटकीला विटून गेलेला जरीचा एक हिरवा काठ.

जाऊबाईंनी माझा दंड धरला. त्यांनीही तो काठ ओळखला होता, ती साडी त्यांनीच मला एका दिवाळीत दिली होती.

"घाबरू नका हं काकू," मुलगी म्हणाली. "लोक म्हणतील मेलंय. ऐकू नका. मेलेलं नाही. पावसाळ्यात पानं येतात. मी बघितलीत ना स्वतः!" मग तिनं मला पूर्ण तास दिला. हे महाकाळाच्या धुपाचं झाड. यात नर नसतोच, सगळ्या सवाष्णी. म्हणून सौभाग्याचं वाण. पाणी फक्त सोमवारी, एक फुलपात्र, जास्त घातलं तर कोप होतो. सुरी-कात्री याच्यासमोर आणायची नाही. आणि हे एका घरी एकच वर्ष ठेवायचं, मग पुढच्या संक्रांतीला वडीलधाऱ्या बाईला द्यायचं.

ज्यांनी-ज्यांनी ते नको म्हणून पुढे ढकललं, त्यांनी प्रत्येकीनं जाता-जाता एक नियम जोडलेला दिसत होता. त्या नियमांनीच ते जगवलं होतं. मी डब्यावर वाकल्यासारखं केलं आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून नखानं साल खरवडली. पातळ कागदासारखा पापुद्रा निघाला. आत ओलं, हिरवंगार.

"कुणी सांगितलं तुला हे सगळं?" मी विचारलं.

"वर्ध्याच्या मामेसासूबाईंनी, गेल्या रथसप्तमीला मला हे दिलं तेव्हा. त्यांना कुणी दुसऱ्या बाईंनी दिलं होतं, त्यांना आणखी कुणी. पण मूळ म्हणे इथेच एक फार जाणकार बाई होत्या. त्यांनी हे जंगलातून आणून वाढवलं. त्यांच्या हाताला फार गुण होता म्हणतात. काडी लावली तरी जगायची."

"होत्या?" मी म्हटलं.

"आता कुठल्या असायला, काकू. फार जुनी गोष्ट असणार."

मी जाऊबाईंकडे बघितलं नाही, माझी हिंमतच झाली नाही. त्यांचं हसणं कुठल्याही क्षणी फुटेल असं मला वाटत होतं. सगळ्या तुळशी, सगळी उसनी लग्नं, आता सगळं बाहेर येणार. पण जाऊबाई शांतपणे पुढे सरकल्या आणि त्या मुलीला म्हणाल्या, "खरंय बेटा. मी ओळखायचे ना त्यांना. फार गुण होता हाताला."

मी पदर पसरून वाण घेतलं. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं.

रिक्षात डबा माझ्या मांडीवर होता. रस्ता खणलेला, दर दहा पावलांवर खड्डा. मग जाऊबाई म्हणाल्या, "एक वर्षानं देऊन टाक म्हणाली ती. पण पावसात एखादी फांदी लावून घेऊ नये, असं काही बोलली नाही."

"नाही बोलली," मी म्हटलं. "कात्रीला बंदी आहे, पण हातानं मोडता येते."

"आणि भावजींना काय सांगणार?"

"सांगेन, एका मेलेल्या बाईच्या हातचं आहे. चिरलंत तर ती मानगुटीवर बसेल."

जाऊबाई इतक्या हसल्या, की रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. तेवढ्यात समोर मोठा खड्डा आला. रिक्षा तिरकी झाली आणि डबा माझ्या मांडीवरून घसरला.

"सांभाळून हं," जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला हातही डब्याला लावला. घर येईपर्यंत काढला नाही.